चार दिवसांचा फरक

लग्नानंतरच्या पहिल्याच संक्रांतीला माझी पंचाईत झाली. आमच्या घरी तिळगूळ १४ जानेवारीला वाटायचा. बायकोचे माहेर रत्नागिरीकडचे. तिथे तो १० तारखेलाच वाटून डबा रिकामासुद्धा झालेला. सासूबाईंना विचारले, तर आमच्याकडे टिळक पंचांग, एवढेच उत्तर मिळाले. माझ्या आईला ते पटेना. दोन्ही घरांवर सूर्य एकच उगवतो, मग तो मकर राशीत दोनदा कसा शिरतो, हा तिचा प्रश्न बिनतोड होता. शेवटी त्या वर्षी सुनेने दोन संक्रांती साजऱ्या केल्या आणि वाद तिळगुळात विरघळला.

मी पडलो बँकेतला माणूस. सहामाही हिशेबाच्या वेळी लेजर आणि जनरल लेजर यांत दोन रुपयांचा फरक निघाला, तरी रात्री अकरापर्यंत सगळी शाखा बसून राहायची, ते दिवस मी पाहिले आहेत. एका शाखेत असा फरक सस्पेन्स खात्यात टाकून वर्षानुवर्षे पुढे ओढलेला मला सापडला होता. तो कुणाच्या हातून कधी झाला, हे सांगायला त्या काळचे कुणी नोकरीत उरले नव्हते. त्यामुळे संक्रांतीतला हा चार दिवसांचा फरक डोक्यातून जाईना. पुढे बदली होऊन अलिबागला आलो आणि कळले, की त्या फरकाचे मूळ शोधणारा माणूस इथून आठ-नऊ किलोमीटरवरच्या नागावचा.

केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, यांचा जन्म १६ मे १८२४ रोजी नागावला झाला. (सर्कसवाले विष्णुपंत छत्रे ते हे नव्हेत. नावामुळे गल्लत होते म्हणून सांगितले.) तेव्हा हा मुलूख आंग्र्यांच्या कुलाबा संस्थानात होता. नारळी-पोफळीच्या वाड्या, मागे समुद्र, दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. चुलते सदाशिव काशीनाथ, म्हणजे ‘बाळमित्र’वाले बापू छत्रे, मुंबईत होते. त्यांच्या आधाराने हा पोरका मुलगा खाडीपलीकडे मुंबईला गेला.

एल्फिन्स्टनच्या शाळेत त्याला दोन गुरू भेटले. एक बाळशास्त्री जांभेकर आणि दुसरे ऑर्लेबार नावाचे इंग्रज प्राध्यापक. ऑर्लेबारांकडे कुलाब्याच्या वेधशाळेचाही कारभार होता. १८४० च्या सुमारास, म्हणजे जेमतेम सोळाव्या वर्षी, केरूनाना तिथे मदतनीस म्हणून लागले आणि दहा-अकरा वर्षे राहिले. कंपनी सरकारने १८२६ मध्ये ही वेधशाळा काढली होती. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्याही नोंदी सुरू झाल्या. काम म्हणाल तर कारकुनाचेच. ठरल्या वेळी दिवा घेऊन यंत्रापाशी जायचे, सुई किती हलली ते वाचायचे आणि वहीत आकडा लिहायचा. पाऊस कोसळो की दिवाळी असो, रकाना कोरा ठेवायचा नाही. माझ्यासारख्याला या नोकरीचे मर्म चटकन कळते. एकेकटा आकडा मुका असतो. दहा वर्षांच्या वह्या शेजारी ठेवल्या, की तेच आकडे बोलू लागतात.

त्या काळात आकाश फार झपाट्याने मोठे होत होते. केरूनाना वेधशाळेत लागण्याच्या दोनच वर्षे आधी, १८३८ मध्ये, जर्मनीत बेसेलने एका ताऱ्याचे अंतर पहिल्यांदा खात्रीने मोजले. हंस तारकापुंजातला तो साधा, मंद तारा. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला अकरा वर्षे लागतात. हा आकडा वाचून काही बोध होत नाही, म्हणून मी एकदा घरी कागदावर हिशेब मांडला. अलिबागच्या वाळूत सूर्य ठेवला आणि पृथ्वी त्याच्यापासून एक फुटावर ठेवली, तर हा तारा ठेवायला किनाऱ्याकिनाऱ्याने पार विजयदुर्गाच्या जरा अलीकडे जावे लागेल. बरे, हा तर आपला शेजारी! देवयानीतली दीर्घिका पंचवीस लाख प्रकाशवर्षांवर आहे आणि ती आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे, हे हबलने दाखवून दिले ते १९२४ च्या सुमारास. केरूनानांच्या हयातीत त्याचा पत्ता नव्हता. पण आपले घर फार लहान आहे एवढे कळायला विजयदुर्गापर्यंतचे अंतरही पुरेसे होते.

असे काही कळल्यावर माणसे दोन प्रकारे वागतात. काही हात जोडून गप्प होतात. काही वही उघडतात. १८५१ मध्ये केरूनाना पुण्याच्या कॉलेजात गणित आणि सृष्टिशास्त्र शिकवायला गेले, तेव्हा अशी एक वही त्यांच्यापाशी होती. फ्रेंच आणि इंग्रज ज्योतिष्यांच्या नव्या ग्रंथांवरून त्यांनी ग्रहांची गती काढण्याची कोष्टके मराठीत तयार केली होती. ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हे पुस्तक १८६० मध्ये छापून निघाले. ज्याला इंग्रजी येत नाही, पण आकडेमोड येते, अशा गावच्या जोशीबुवालाही आता युरोपातल्या दुर्बिणींनी शोधलेला शुक्र-शनी आपल्या पाटीवर आणता येणार होता. मला हे पुस्तक त्यांच्या सगळ्या कामात मोठे वाटते. पंचांगाच्या वादात त्याचे नाव मागे पडले, हे आपले दुर्दैव.

आता त्या चार दिवसांकडे येतो. आपली पंचांगे ज्या सूर्यसिद्धान्तावर चालत, त्याचे वर्ष ३६५ दिवस, ६ तास, १२ मिनिटे आणि ३६ सेकंदांचे. ताऱ्यांच्या संदर्भात सूर्याची खरी फेरी पुरी होते ३६५ दिवस, ६ तास, ९ मिनिटे आणि १० सेकंदांत. फरक साडेतीन मिनिटांच्याही आतला. नुसत्या डोळ्यांनी आकाश पाहून ज्यांनी तो इतका कमी ठेवला, त्यांना नमस्कारच केला पाहिजे. पण फरक तो फरक. दरवर्षी साडेतीन मिनिटे पुढे ओढत गेले, की चौदाशे वर्षांत ती तीन दिवसांच्या वर जातात. सस्पेन्स खातेच ते!

याच्या जोडीला दुसरी भानगड. पृथ्वी भोवऱ्यासारखी फिरता फिरता हळूच डुलते. तिच्या आसाचा एक डोल पुरा व्हायला जवळपास २५,८०० वर्षे लागतात. त्यामुळे दिवस-रात्र समान होतात त्या वेळची सूर्याची जागा, म्हणजे संपात, ताऱ्यांमधून मागे मागे सरकतो. बहात्तर वर्षांत एक अंश. म्हणूनच उत्तरायण डिसेंबरच्या २१-२२ तारखेला लागते आणि आपली संक्रांत मात्र जानेवारीत येते. संपात किती सरकला, त्याला अयनांश म्हणतात. तो मोजायचा, तर आकाशात कुठेतरी शून्याचा दगड रोवावा लागतो. केरूनानांनी तो रेवती नक्षत्राच्या योगताऱ्यापाशी, मीन राशीतल्या एका बारीक ताऱ्यापाशी रोवला. तिथून त्यांच्या वेळचा अयनांश सुमारे अठरा भरला. प्रचलित पंचांगे बावीसच्या आसपास धरत. चार अंश म्हणजे सूर्याच्या चालीने चार दिवस. माझ्या सासूबाईंचा तिळगूळ आधी का वाटला गेला, त्याचा हिशेब हा असा.

केरूनाना साठ वर्षे जगले. त्या साठ वर्षांत संपात सरकला तो पुरता एक अंशसुद्धा नाही. आकाशात दीड पौर्णिमेचे चंद्र शेजारी मांडावेत, त्याहून किंचित जास्त. जन्मभर वेध घेतले, तरी एका माणसाच्या वाट्याला घड्याळाचा काटा एवढाच हललेला दिसणार. मागच्यांच्या वह्या उघडल्याशिवाय तो हलतो आहे याचीही खात्री पटायची नाही.

आणि मागच्यांच्या वह्या होत्या. तीही याच किनाऱ्यावर! अलिबागहून रेवदंड्यामार्गे मुरूडकडे जाताना चाळीसेक किलोमीटरवर नांदगाव लागते. तिथल्या गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ रचला. ज्या-चापाच्या किचकट गणिताला फाटा देऊन त्यांनी रीत इतकी सुटसुटीत केली, की पुढे तीनशे वर्षे महाराष्ट्रातला जोशी त्याच पोथीवरून पंचांग करीत होता. गणेशांचे वडील केशव हेही मोठे वेधकार. जुन्या ग्रंथांतले ग्रह आकाशातल्या ग्रहांशी जुळत नाहीत हे त्यांनी स्वतः पाहिले होते आणि पुढच्यांनीही वेध घेऊन गणित सुधारत राहावे, असे लिहून ठेवले होते. केरूनानांनी ग्रहलाघवाला हात घातला तेव्हा धर्म बुडाला म्हणून ओरड झाली. माझ्या मते नांदगावच्या त्या बापलेकांचा खरा वारस कोण म्हणाल, तर हा नागावचा मुलगा. तीनशे चाळीस वर्षांनी कुणीतरी त्यांची सूचना मनावर घेतली होती.

१८६५ पासून, म्हणजे शके १७८७ पासून, आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने केरूनानांचे पंचांग निघू लागले. त्याला कुणी केरोपंती म्हणत, कुणी पटवर्धनी. ग्रहणांच्या वेळा जुळतात हे लोकांना दिसत होते, कारण ग्रहण अंगणात उभे राहून तपासता येते. पण संक्रांत कशी तपासणार? ती बदलायची म्हणजे आजोबा-पणजोबांनी केलेली स्नाने, दाने, श्राद्धे चुकीच्या दिवशी झाली, असे कबूल करायचे. कुठल्याही घराला हे जड जाईल. आकाश अफाट आहे, हे मान्य करायला माणसाला काही मोजावे लागत नाही. आपल्या घरातली तारीख चुकली, हे मान्य करायला फार मोजावे लागते. हे पंचांग वापरणारी घरे थोडीच राहिली. पण केरूनानांनी ते सोडले नाही.

डेक्कन कॉलेजात ज्यांनी त्यांच्याकडून गणित घेतले, त्यांत बाळ गंगाधर टिळक होते. विसाव्या शतकाच्या आरंभी पंचांगशुद्धीसाठी परिषदा भरल्या. त्यांत टिळकांनी पुढाकार घेतला आणि गुरूंच्या रेवतीच्या ताऱ्याची बाजू धरली. पुढे पंचांगाला नाव लागले ते शिष्याचे. एखाद्या वर्षी टिळक पंचांगाची दिवाळी महिनाभर आधी येते आणि शेजारीपाजारी हसतात, त्याचे कारण अधिक महिनाही या चार अंशांमुळे निराळा पडतो.

मात्र केरूनानांचे सगळे मान्य झाले असे कुणी समजू नये. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी सायन पंचांगाचा पक्ष घेतला. व्यंकटेश बापूजी केतकरांनी शून्याचा दगड चित्रा ताऱ्याच्या समोर रोवावा, असे मांडले. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९५५ मध्ये आला आणि कौल चित्रेच्या बाजूने पडला. म्हणजे ताऱ्याच्या निवडीत केरूनाना हरले. पण पंचांगातले ग्रह आकाशात प्रत्यक्ष दिसतील तिथेच असले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह चित्रावाल्यांनी आणि रेवतीवाल्यांनी सारखाच उचलला. आज भिंतीवर कुठलेही कॅलेंडर असो, चंद्रोदयाची वेळ बघून गृहिणी चतुर्थी सोडते आणि चंद्र खरोखर त्या वेळी वर येतो, हा त्या आग्रहाचाच भाग आहे.

अंकगणिताची आणि पदार्थविज्ञानाची पुस्तके त्यांनी शाळांसाठी लिहिली. ज्ञानप्रसारक सभेत हवा, भरती-ओहोटी असल्या विषयांवर निबंध वाचले. सरकारने रावबहादूर केले. १८७९ मध्ये निवृत्ती आणि १९ मार्च १८८४ ला मृत्यू. सूर्यावरचे डाग आणि पृथ्वीवरचे हवामान यांचा काही संबंध आहे का, हा प्रश्न त्यांना सतत खुणावत राहिला.

सूर्याचा धागा आहे म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. केरूनाना पुण्याला गेल्यावर आठ वर्षांनी, १ सप्टेंबर १८५९ रोजी, इंग्लंडमध्ये कॅरिंग्टनला सूर्यावरच्या डागांपाशी एक झगझगीत ठिणगी दिसली. साडेसतरा-अठरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आदळले आणि मुंबईत कुलाब्याच्या यंत्रातली सुई एकाएकी खूप खाली गेली. पंधरा कोटी किलोमीटरवर काय घडले, याची कुलाब्याच्या माणसाला कल्पना नव्हती. त्याने रीतसर रकाना भरला. त्या शतकातल्या मोठ्या सौरवादळाचा अंदाज घेताना शास्त्रज्ञ आजही त्या वहीकडे वळतात.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. त्यांच्या प्रवाहाने सुया बिघडल्या असत्या, म्हणून पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय वेधशाळेसाठी नवी जागा शोधली. ती निघाली अलिबाग! लोखंडाचा अंशही नको म्हणून पोरबंदरचा दगड आणून समुद्राजवळ इमारती बांधल्या आणि १९०४ पासून इथे नोंदी सुरू झाल्या. दोन वर्षे दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवून ताळा पाहिला, मगच जुन्या जागी नोंदी थांबवल्या. नागावचा मुलगा ज्या वेधशाळेत काम करायला खाडी ओलांडून गेला, ती वेधशाळाच त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी खाडी ओलांडून त्याच्या गावाशेजारी आली. सुई अजून तिथे हलते आणि नोंद होते. फक्त दिवा घेऊन जावे लागत नाही.

मागच्या १० जानेवारीला बायकोने माहेरच्या रिवाजाने तिळगूळ केला. आता तिच्या घरी कुणी उरले नाही, म्हणून तो आमच्याकडे होतो. संध्याकाळी डबा घेऊन आम्ही नागावच्या किनाऱ्यावर गेलो. रेवतीचा तो तारा पाहावा असे फार दिवस मनात होते. नकाशा बरोबर घेतला होता. पण तारा मुळात इतका मंद, की अगदी काळोख्या रात्रीही जेमतेम दिसायचा. त्याचा जो प्रकाश आज आपल्यापर्यंत येतो, तो आपल्यापैकी कुणीही जन्मण्याआधी निघालेला. किनाऱ्यावर खाण्याच्या टपऱ्यांचे दिवे लखलखत होते आणि माझ्या डोळ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झाले होते. बायकोने बरोबर वर, मग जरा डावीकडे, असे बराच वेळ दाखवले. मला काही तो सापडला नाही. ओहोटी लागली होती. आम्ही तिळगूळ खाल्ला आणि शेवटची एसटी गाठली.