उपराजप्रमुख यशवंतराव होळकर

इंदूरचे महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांचा जन्म १९०८ चा. वडील तुकोजीरावांनी १९२६ मध्ये गादी सोडल्यावर ते महाराज झाले.

१९४८ मध्ये इंदूर, ग्वाल्हेर व इतर संस्थाने मिळून मध्य भारत राज्य बनले. मान कोणाला, ग्वाल्हेरला की इंदूरला? दोन्ही भागांचा समतोल साधला गेला. ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे राजप्रमुख (राज्यपालासारखे पद), तर यशवंतराव उपराजप्रमुख झाले. राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर! १८०१ मध्ये याच इंदुरात शिंदे-होळकर लढले होते.

१९५६ मध्ये हे राज्य मध्य प्रदेशात विलीन झाले. १९६१ मध्ये यशवंतराव निवर्तले. पहिल्या गादीवरच्या माणसाने दुसरे पद स्वीकारणे, हाही मोठेपणाच नाही का?