शेट प्रेमचंद रायचंद आणि तारणाचा प्रश्न

मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा मान वर करून पाहणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांस हें ठाऊक असेल कीं, या मनोऱ्याचें दान एका वर्षानें लांबतें तर तें हातीं पडतेंच असें नाहीं. शेट प्रेमचंद रायचंद यांनीं १८६४ सालीं विद्यापीठास ग्रंथालयासाठीं २ लक्ष व मनोऱ्यासाठीं २ लक्ष रुपये दिले, आणि १८६५ चा पावसाळा लागतो न लागतो तोंच त्यांची सारी मायावी दौलत वाहून गेली. घरासाठीं कर्ज काढणें हा आज मध्यम स्थितींतील कुटुंबाच्या संसाराचाच भाग झाला आहे आणि मुंबईंत जागेचा भाव कधीं उतरत नाहीं ही समजूत तर वेदवाक्यासारखी मानली जाते. म्हणून या गृहस्थांचें चरित्र आमच्या वाचकांपुढें ठेवणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

प्रेमचंद यांचा जन्म १८३१ सालीं सुरतेस झाला. वडील व्यापारानिमित्त मुंबईस आले व मुलगा येथेंच इंग्रजी शिकला. त्या काळच्या देशी दलालांत इंग्रजी लिहिता-बोलतां येणारा मनुष्य विरळा. त्यामुळें साहेबांच्या पेढ्यांचे दरवाजे या तरुणास लौकर उघडले. बुद्धि तीक्ष्ण, वागणूक साधी, हात सढळ. एवढ्यानेंहि ते मोठे दलाल झाले असते. पण १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध जुंपलें, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. त्या चार-पांच वर्षांत सुमारे ८ कोटि पौंडांची जादा संपत्ति या शहरांत आली असा हिशेब पुढें सर दिनशा वाच्छा यांनीं मांडला आहे.

एवढा पैसा ठेवावयाचा कोठें? १८६५ च्या आरंभीं मुंबईंत ३१ बँका, १६ पैसे पुरविणाऱ्या मंडळ्या व ८ जमिनीच्या कंपन्या होत्या. त्यांत बॅकबे कंपनीची मातबरी मोठी. ती समुद्र बुजवून जमीन काढणार होती. जमीन निघावयाची होती, पण तिचे शेअर मात्र भराभर हातोहात फिरत होते, आणि ५,००० रुपयांच्या एका शेअराचा भाव कित्येक पटींनीं चढला. भरतीचें पाणी जेथें अजून खेळत होतें, त्या जागेच्या भरंवशावर लोक श्रीमंत झाले! या व अशा अनेक कंपन्यांमागें प्रेमचंदांचा हात होता. त्यांची चिठ्ठी ज्याच्या हातीं, त्याचें भाग्य उघडलें, असा लोकांचा समज होता.

येथें आमचा खरा मुद्दा येतो. प्रेमचंदांनीं एकट्यानें काय केलें असतें? पैसा बँकांनीं पुरविला. बँक ऑफ बॉम्बे ही १८४० सालीं स्थापन झालेली, सरकारचे स्वतःचे भाग व सरकारनियुक्त संचालक असलेली संस्था. १८६३ च्या कायद्यानें तिच्यावरील जुनीं बंधनें सैल झालीं, शेअर गहाण घेऊन कर्ज देण्याची वाट मोकळी झाली, आणि तिचें ५२ लक्षांचें भांडवल वाढत वाढत २ कोटि ९ लक्षांवर गेलें. मग चक्र सुरू झालें. शेअर तारण ठेवावा, उचल घ्यावी, त्या उचलीनें आणखी शेअर घ्यावा. मागणी वाढली म्हणून भाव चढावा, भाव चढला म्हणून तारणाची किंमत फुगावी, आणि तारण फुगलें म्हणून बँकेनें आणखी उचल द्यावी. बँकेच्या चालकांवर प्रेमचंदांचें वजन इतकें कीं, त्यांच्या शब्दावर मोठमोठ्या रकमा बाहेर पडल्या. सरकारी संचालक काय करीत होते, हा प्रश्न आम्ही वाचकांवरच सोडतों.

१८६५ च्या एप्रिलांत अमेरिकेंतील युद्ध संपत आलें, ती बातमी येऊन पोंचतांच कापूस कोसळला. १ जुलै हा वायद्यांचा दिवस. त्या दिवशीं देणारा कोणी नव्हता, घेणारे मात्र सर्व. तारण म्हणून ठेवलेल्या कागदांस रद्दीची किंमत आली. बँकेचें बहुतेक सारें भांडवल बुडालें व १८६८ सालीं ती मोडून त्याच नांवाची नवी बँक काढावी लागली. सर चार्लस जॅक्सन यांच्या चौकशी मंडळानें प्रेमचंदांस दोष दिलाच, पण सैल कायदा व ढिले चालक यांसहि सोडलें नाहीं, आणि तें न्याय्यच झालें. तेजींत शहरांत आलेलीं माणसेंहि पांगलीं. १८६४ च्या गणतींत ८,१६,५६२ असलेली वस्ती १८७२ सालीं ६,४४,४०५ भरली.

सरकारास शहाणपण सुचलें तें १८७६ सालीं. प्रेसिडेन्सी बँकांच्या त्या वर्षाच्या कायद्यानें या बँकांस स्थावराच्या गहाणावर कर्ज देण्याची मनाई केली. हा उपाय कांहींसा कडक होता. घर बांधणाऱ्या सरळ माणसासहि त्यानें दार बंद केलें. २००८ सालीं अमेरिकेंत नेमका उलट प्रकार झाला. तेथें घर हेंच तारण, आणि घराचा भाव चढतच राहणार या एका गृहीतावर ऋणकोची ऐपत न पाहतां कर्जें दिलीं गेलीं. भाव उतरतांच जुन्या नामांकित पेढ्या बसल्या. आपल्या रिझर्व्ह बँकेनें घराच्या किंमतीच्या किती हिश्शापर्यंत कर्ज द्यावें यास मर्यादा घातली आहे, आणि ७५ लक्षांवरील कर्जांस ती शेंकडा ७५ ची आहे. ही मर्यादा जाचक वाटते, सैल करा, अशी ओरड जेव्हां जेव्हां होते तेव्हां ओरडणाऱ्यांत घर घेणारा किती व घर विकणारा किती, हें एकदां मोजावें अशी आमची सूचना आहे.

प्रेमचंदांविषयीं मात्र आमच्या मनांत कटुता नाहीं. बुडाल्यावर ते तोंड लपवून बसले नाहींत; पुन्हा दलालींत शिरले, आणि १८७५ सालीं मुंबईच्या देशी शेअर-दलालांची जी संघटना झाली तींतहि ते पुढें होते. कलकत्ता विद्यापीठासहि त्यांनीं २ लक्ष दिले होते व त्यांच्या नांवाची शिष्यवृत्ति तेथें प्रसिद्ध आहे. मातोश्री राजाबाईंच्या नांवाचा मनोरा १८७८ सालीं पुरा झाला. तो बांधून होत असतांना त्याचे दाते रोज बाजारांत जाऊन इतरांचे सौदे करून देत होते. १९०६ सालीं ते वारले.