लिली पारचा डावा पाय

२६ डिसेंबर १९२०. लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर ५३,००० माणसे जमली होती. जागा नाही म्हणून कित्येक हजार बाहेरूनच परतली. सामना होता मुलींच्या फुटबॉलचा. तीन हजार पौंडांवर गल्ला जमला, तो युद्धातून अपंग आणि बेकार होऊन परतलेल्या सैनिकांसाठी.

या मुली प्रेस्टनच्या 'डिक, कर' कारखान्यातल्या. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि दारूगोळा बनवायला बायका आल्या. जेवणाच्या सुट्टीत त्या चेंडू खेळू लागल्या. १९१७ च्या नाताळात गावातल्या जखमी सैनिकांच्या रुग्णालयासाठी त्यांनी सामना केला, तेव्हा दहा हजार लोक आले. आपल्या माणसांच्या जखमांसाठी तिकीट काढायला कोण नाही म्हणणार?

युद्ध संपले, जखमा राहिल्या. म्हणून सामनेही चालू राहिले. १९२० साली सेंट हेलेन्सची लिली पार या संघात आली. वय अवघे पंधरा, उंचीने थोराड, आणि डाव्या पायात पुरुषांनाही लाजवील असा जोर.

मग ५ डिसेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांची मैदाने बायकांना बंद केली. हा खेळ स्त्रीच्या प्रकृतीला झेपत नाही, हे एक कारण. जमलेल्या पैशातला फार मोठा भाग खर्चात जातो, हे दुसरे. माझी सारी नोकरी बँकेत जमाखर्च तपासण्यात गेली, त्यामुळे या दुसऱ्या कारणापाशी मी थबकतो. मुली सामन्यामागे दहा शिलिंग घेत, बुडालेल्या रोजाची भरपाई म्हणून. शंका असेल तर वह्या तपासाव्यात. पेढीलाच कुलूप ठोकणे हा हिशेब नव्हे. खरी बोच गर्दीची असावी, असे मला वाटते.

लिली थांबली नाही. १९२२ मध्ये अमेरिकेत जाऊन तिचा संघ पुरुषांच्या संघांशी खेळला. पुढे ती मनोरुग्णांच्या इस्पितळात परिचारिका झाली आणि मिळेल त्या मैदानावर १९५१ पर्यंत खेळत राहिली. बंदी उठली १९७१ साली. तेव्हा ती ६६ वर्षांची होती. १९७८ मध्ये ती गेली.

२०१९ साली मँचेस्टरच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयात तिचा पुतळा उभा राहिला. पुतळ्याने देणे फिटत नाही. पण दुसऱ्यांच्या जखमांसाठी धावलेल्या या मुलीच्या नावे काही बाकी आहे, एवढे तरी त्याने मान्य केले.