चेहऱ्यांचा फोटोग्राफर : गौतम राजाध्यक्ष

आमच्या नगरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, झेंडीगेट आणि मुकुंदनगरकडे लग्नाचे फोटो काढणारी मुलं पुष्कळ आहेत. पण त्यातलं एखादं पोर घरी म्हणालं की मला फॅशन फोटोग्राफी करायचीय, तर अब्बा गप्प होतात आणि अम्मी विचारते, तो काय धंदा आहे? बायकांचे फोटो काढणं म्हणजे काहीतरी हलकं काम, असा समज आजही पक्का आहे. अशा घरांसाठी आम्ही आज गौतम राजाध्यक्ष यांच्याबद्दल लिहितोय. ते नगरचे नव्हेत, मुंबईचे. पण नगरच्या सलूनमध्ये फिल्मी मासिकं चाळत नंबराची वाट बघणाऱ्या आमच्या पिढीने त्यांचे फोटो भरपूर पाहिलेत. फोटो कुणी काढलाय ते खाली बारीक अक्षरात असायचं, तिकडे आमचं लक्ष जायचं नाही, एवढंच.

गौतम यांचा जन्म 16 सप्टेंबर 1950 चा. घर शिकलेलं, मराठी. लेखिका शोभा डे त्यांच्या चुलत बहीण. सेंट झेवियर्स कॉलेजात त्यांनी रसायनशास्त्राची पदवी घेतली. आता रसायनशास्त्र आणि फॅशन यांचा काय संबंध, असं वाटेल. पण त्या काळी रोल डेव्हलप करणं, प्रिंट काढणं हा सगळा रसायनांचाच खेळ होता. मोबाइलसारखं लगेच बघून परत काढायची सोय नव्हती. रोल धुऊन होईपर्यंत फोटो कसा आलाय ते कळायचंच नाही.

1974 साली ते लिंटास या जाहिरात कंपनीत लागले आणि तिथला फोटो विभाग सांभाळू लागले. 1980 मध्ये त्यांनी शबाना आझमी आणि टीना मुनीम यांचे फोटो काढले, आणि तिथून खरी सुरुवात झाली. तरी त्यांनी घाईने नोकरी सोडली नाही, हे आमच्या तरुणांनी जरा नीट वाचावं. आणखी सात वर्षं नोकरी आणि फोटो दोन्ही चालू ठेवले. 1987 ला, वय 37 च्या घरात असताना, मगच राजीनामा दिला.

त्यांचे फोटो पाहिले की एक गोष्ट जाणवते. नजर आधी चेहऱ्यावर जाते, त्यातही डोळ्यांवर. कपडे, दागिने नंतर. उजेड मऊ, सावली कमी. समोरची बाई नटी असो की गायिका, फोटोत ती अदबशीरच दिसते. आमच्या मते त्यांचं नाव झालं ते यामुळे. लता मंगेशकरांचे त्यांनी काढलेले फोटो बघा, म्हणजे आम्ही काय म्हणतोय ते कळेल.

ते नुसते कॅमेऱ्यामागे राहिले नाहीत. 'चंदेरी' या मराठी फिल्मी पाक्षिकाचं संपादन त्यांनी केलं. काजोलचा पहिला सिनेमा 'बेखुदी' (1992) आणि शाहरुख खान खलनायक झालेला 'अंजाम' (1994), या दोन्हींच्या लेखनात त्यांचा हात होता. 1997 मध्ये 'फेसेस' हे इंग्रजी पुस्तक आलं. दुर्गा खोटेंपासून ऐश्वर्या रायपर्यंत 45 कलाकार त्यात आहेत, फोटोंसोबत त्यांच्यावरचा मजकूरही आहे. पुढे 'चेहरे' हे पुस्तक मराठीत आलं, ते आमच्यासारख्यांच्या जास्त कामाचं.

13 सप्टेंबर 2011 रोजी मुंबईत हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. एकसष्टावा वाढदिवस तीन दिवसांवर होता. दुसऱ्या दिवशी पेपरात त्यांचा फोटो आला. इतके चेहरे दाखवणाऱ्या या माणसाचा चेहरा आमच्यापैकी कित्येकांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.