विश्लेषण : तीन वर्षांत बंद पडलेली ‘स्टार ट्रेक’ नासापर्यंत कशी पोहोचली? जीन रॉडनबेरी यांची कहाणी

कॅलिफोर्नियातील पामडेल येथे १७ सप्टेंबर १९७६ रोजी ‘नासा’ने आपले पहिले स्पेस शटल जगासमोर आणले. त्याचे नाव ‘कॉन्स्टिट्यूशन’ ठेवायचे ठरले होते. मात्र एका टीव्ही मालिकेच्या चाहत्यांनी व्हाइट हाऊसकडे पत्रांचा पाऊस पाडला आणि अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या निर्णयाने ते ‘एंटरप्राइज’ झाले. हे नाव होते ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील यानाचे. गंमत म्हणजे ही मालिका सात वर्षांपूर्वीच बंद पडली होती. समारंभाच्या पाहुण्यांमध्ये मालिकेतील कलाकारांसोबत तिचे जनक जीन रॉडनबेरीही होते.

रॉडनबेरी कोण होते?

रॉडनबेरी यांचा जन्म १९ ऑगस्ट १९२१ रोजी टेक्सासमधील एल पासो येथे झाला. वडील पोलीस दलात होते आणि बालपण लॉस एंजेलिसमध्ये गेले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी पॅसिफिक आघाडीवर बी-१७ बॉम्बर विमान चालवले. युद्धानंतर ते ‘पॅन अॅम’मध्ये वैमानिक झाले.

जून १९४७ मध्ये कराचीहून इस्तंबूलला निघालेल्या पॅन अॅमच्या विमानात ते होते. विमान चालवण्याची जबाबदारी त्या वेळी त्यांच्याकडे नव्हती. वाटेत इंजिनाला आग लागली आणि विमान रात्री सीरियाच्या वाळवंटात कोसळले. विमानातील ३६ जणांपैकी १५ जण मरण पावले. बरगड्या मोडलेल्या अवस्थेतही रॉडनबेरी यांनी जळत्या विमानातून प्रवाशांना बाहेर काढले. पुढच्याच वर्षी त्यांनी वैमानिकाची नोकरी सोडली. आता त्यांना टीव्हीसाठी लिहायचे होते.

पोलीस ते पटकथालेखक

लिहून लगेच घर चालणार नव्हते. त्यामुळे १९४९ मध्ये ते लॉस एंजेलिस पोलीस दलात रुजू झाले. तिथे पोलीसप्रमुखांची भाषणे लिहिण्याचे कामही त्यांच्याकडे आले. नोकरी सांभाळून ते मालिकांसाठी पटकथा लिहीत होते. जम बसल्यावर १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

अंतराळच का निवडले?

रॉडनबेरी यांची ‘द लेफ्टनंट’ ही मालिका १९६३ मध्ये ‘एनबीसी’वर सुरू झाली. तिच्या एका भागात सैन्यातील वर्णद्वेष दाखवला होता. वाहिनीने तो भाग प्रक्षेपित करण्यास नकार दिला. मालिकाही एका हंगामातच आटोपली. आजच्या अमेरिकेबद्दल थेट बोलता येत नसेल तर तेच प्रश्न भविष्यात आणि परग्रहावर नेऊन मांडायचे, हा मार्ग त्यांना ‘स्टार ट्रेक’मध्ये सापडला.

पहिला पायलट भाग एनबीसीला फार बौद्धिक वाटला. तरीही वाहिनीने दुसरा पायलट भाग मागवला. अशी दुसरी संधी तेव्हा क्वचितच मिळे. ८ सप्टेंबर १९६६ रोजी मालिका सुरू झाली. यानाच्या नियंत्रण कक्षात कृष्णवर्णीय महिला अधिकारी उहुरा होती आणि आशियाई वंशाचा सुलू होता. दुसऱ्या हंगामात शीतयुद्धाच्या ऐन भरात रशियन चेकॉव्हही आला.

ट्रान्सपोर्टर कसा जन्मला?

माणसाला क्षणात यानातून ग्रहावर पोहोचवणारा ट्रान्सपोर्टर ही मालिकेची ओळख बनली. त्यामागचे कारण मात्र खर्चाचे होते. दर आठवड्याला महाकाय यान नव्या ग्रहावर उतरताना दाखवणे बजेटमध्ये बसत नव्हते. त्यामुळे यान कक्षेतच ठेवले आणि माणसांना ‘बीम’ करून खाली पाठवले. उतरण्याच्या दृश्यांचा खर्च वाचला आणि कथाही लगेच मुद्द्यावर येऊ लागली.

मालिका बंद का पडली?

प्रेक्षकसंख्या बेताचीच होती. दुसऱ्या हंगामानंतर मालिका बंद होण्याची चिन्हे दिसताच चाहत्यांनी पत्रमोहीम उघडली आणि तिसरा हंगाम मिळाला. पण वेळ मिळाली शुक्रवारी रात्री दहाची. मालिकेचा तरुण प्रेक्षक त्या वेळी घरी नसे. ७९ भागांनंतर ३ जून १९६९ रोजी पहिल्या प्रक्षेपणाचा शेवटचा भाग दाखवला गेला. त्यानंतर जेमतेम दीड महिन्यात माणूस चंद्रावर उतरला. सत्तरच्या दशकात स्थानिक वाहिन्यांवर पुनःप्रक्षेपण सुरू झाले आणि मालिकेला खरा प्रेक्षक तेव्हा मिळाला.

नासाशी नाते कसे जुळले?

उहुरा साकारणाऱ्या निशेल निकोल्स पहिल्या हंगामानंतर मालिका सोडणार होत्या. मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना थांबण्याचा आग्रह केला, असे त्या पुढे सांगत. १९७७ मध्ये नासाने महिला आणि कृष्णवर्णीय उमेदवारांपर्यंत पोहोचण्यासाठी त्यांचीच मदत घेतली. १९७८ मध्ये निवडलेल्या ३५ जणांत प्रथमच सहा महिला होत्या. अंतराळात जाणारी पहिली अमेरिकी महिला सॅली राइड आणि पहिले आफ्रिकन-अमेरिकन गायन ब्लुफर्ड याच तुकडीतले. १९९२ मध्ये अंतराळात गेलेल्या मे जेमिसन उहुराला पाहत मोठ्या झाल्या होत्या. पुढच्या वर्षी त्यांनी ‘स्टार ट्रेक’च्या एका भागात छोटी भूमिकाही केली.

मुंबईशी धागा कोणता?

१९७९ मध्ये ‘स्टार ट्रेक : द मोशन पिक्चर’ आला. त्यातील इलिया या परग्रहवासी अधिकाऱ्याची भूमिका मुंबईत जन्मलेल्या, १९६५ च्या ‘फेमिना मिस इंडिया’ पर्सिस खंबाटा यांनी केली. त्यासाठी त्यांनी डोक्याचे मुंडण केले होते. चित्रपटाने पैसे मिळवले, पण खर्च अफाट वाढला होता. परिणामी पुढच्या चित्रपटांत रॉडनबेरी यांना बाजूला सारून सल्लागाराचे पद देण्यात आले.

श्रेय एकट्याचे होते का?

नाही. जीन कून आणि डी. सी. फोंटाना यांच्यासारख्या लेखकांनी ‘स्टार ट्रेक’चे विश्व घडवण्यात मोठा वाटा उचलला. श्रेय आणि पैशांवरून रॉडनबेरी यांचे अनेक सहकाऱ्यांशी खटके उडाले. शीर्षक संगीत अलेक्झांडर करेज यांचे होते. रॉडनबेरी यांनी त्यावर गीत लिहिले. ते मालिकेत कधी वापरलेच गेले नाही, पण संगीताच्या मानधनातील निम्मा वाटा त्यांना मिळू लागला. पडद्यावर लोभमुक्त भविष्य दाखवणाऱ्या माणसाची ही बाजू चाहत्यांनाही खटकते. तरीही वेगवेगळ्या वंशांची माणसे एकाच यानात बरोबरीने काम करतील, हा मूळ आग्रह त्यांचाच होता आणि १९८७ च्या ‘द नेक्स्ट जनरेशन’मध्येही त्यांनी तो सोडला नाही.

अखेर काय झाले?

२४ ऑक्टोबर १९९१ रोजी वयाच्या ७० व्या वर्षी रॉडनबेरी यांचे निधन झाले. ‘एंटरप्राइज’ शटल हे केवळ चाचणीसाठी होते. वातावरणातील चाचण्यांपुरते ते उडाले, अंतराळात कधीच गेले नाही. आता ते न्यूयॉर्कमधील संग्रहालयात आहे. रॉडनबेरी यांच्या रक्षेचा काही अंश मात्र १९९२ मध्ये ‘कोलंबिया’ शटलमधून अंतराळात जाऊन परत आला.