गोदावरीचे पाणी वळविणारे सर आर्थर कॉटन

त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावून नाशिक, पैठण व नांदेड ह्यांवरून वाहणारी गोदावरी आपणांस परिचित आहे. तीच पुढे आंध्र देशी राजमहेंद्रीखाली विस्तीर्ण होऊन समुद्रास मिळते. तेथील भूमी सुपीक. तरी पाऊस चुकला की एके काळी लोक भरल्या नदीच्या काठी उपाशी मरत. हा विपरीत प्रकार ज्यांनी पालटला, त्या सर आर्थर कॉटन ह्यांचे चरित्र आम्ही थोडक्यात सांगतो.

त्यांचा जन्म १८०३ साली इंग्लंडात झाला. १८२१ साली ते इंजिनियर म्हणून मद्रास इलाख्यात आले. कावेरीवर असता त्यांनी प्राचीन चोल राजांचा कल्लणै बंधारा बारकाईने पाहिला. त्यास खडकाचा आधार नव्हता. वाळूतच मोठे धोंडे रोवून तो उभारला होता, आणि शतकानुशतके टिकला होता. राज्यकर्त्यांपैकी असूनही ह्या देशाच्या जुन्या कारागिरांपासून शिकण्यात त्यांनी कमीपणा मानिला नाही, हे आम्हांस विशेष वाटते.

१८३३ च्या सुमाराच्या भयंकर दुष्काळाने तो प्रांत उजाड झाला होता. पुढे १८४७ साली कॉटनसाहेबांनी धवळेश्वर येथे बंधाऱ्यास हात घातला. बेटांसकट पात्र सुमारे चार मैल रुंद, तळाशी वाळू, आणि सरकारचा हात आखडता! १८४८ साली प्रकृती ढासळल्याने त्यांस काम सोडून ऑस्ट्रेलियास जावे लागले. परंतु १८५० साली ते परत आले, आणि १८५२ साली बंधारा पुरा झाला.

ह्या बंधाऱ्याने पाण्याची पातळी उंचावून ते कालव्यांत वळविले. तेणेकरून लाखो एकर शेती भिजू लागली, गावोगावची तळी भरून पिण्यास पाणी मिळाले, आणि नावांनी मालही जाऊ लागला. १८६१ साली त्यांस ‘सर’ ही पदवी मिळाली. तरी रेल्वेपेक्षा कालव्यांवर अधिक खर्च करा, हे त्यांचे म्हणणे वरिष्ठांस रुचले नाही, आणि १८७८ साली पार्लमेंटच्या कमिटीपुढे त्यांस कसून प्रश्न विचारण्यात आले. १८९९ साली ते निवर्तले.

आता जुन्या बंधाऱ्याजवळ नवे धरण आहे. त्यास त्यांचेच नाव दिले आहे, आणि तेथील शेतकरी त्यांस अद्यापि कृतज्ञतेने स्मरतात. बंधूंनो, आपल्या गावचा ओढाही पावसाळ्यात भरून वाहतो व उन्हाळ्यात कोरडा पडतो. देवाने दिलेले पाणी अडविण्यास चार घरांनी मिळून दगडमातीचा बांध घातला, तर तेही लहान काम नव्हे.