मायदेशाचे दार चार दशके बंद राहिलेले खानखोजे

वर्ध्याचे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे विसाव्या शतकाच्या प्रारंभी जपानमार्गे अमेरिकेत पोचले. कृषिशास्त्राचे शिक्षण घेत असतानाच १९१३ च्या गदर चळवळीच्या उभारणीत ते अग्रभागी होते. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानमार्गे नाव पालटून ते इराणमध्ये शिरले व इंग्रजांशी लढले.

पराभवानंतर परतीची वाट उरली नाही. भारतात इंग्रजांच्या काळ्या यादीत त्यांचे नाव होते. अमेरिकेने १९१७ च्या कायद्यान्वये आशियाच्या बहुतांश भागातील स्थलांतरितांना प्रवेशबंदी केली होती. बर्लिनमध्ये काही काळ काढून १९२४ मध्ये त्यांनी मेक्सिको गाठले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले, मक्याच्या वाणांवर संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा उघडल्या. चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी त्यांना भित्तिचित्रात स्थान दिले.

देश स्वतंत्र झाला, तरी यादीवरील नाव पुसले गेले नव्हते. १९४९ मध्ये मध्य प्रांत सरकारच्या निमंत्रणावरून आलेल्या खानखोजे यांना स्वतंत्र भारताच्याच दारात अडविण्यात आले. पुढे ते नागपुरात स्थायिक झाले. जानेवारी १९६७ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.